निनावीपणाची दोन रूपे : दापोडीच्या वनस्पतिचित्रांच्या निमित्ताने

१

पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ साली, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना, मुंबई इलाख्याच्या सरकारने एक वनस्पतिउद्यान सुरू केले. १८६५ मध्ये ते बंद झाले. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे १८३८ पासून या उद्यानाची व्यवस्था होती. पुढे १८४७ मध्ये तो इलाख्याचा वनसंरक्षक झाला आणि १८६१ मध्ये निकोल अलेक्झांडर डॅल्झेल याच्यासह त्याने 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८४०च्या दशकाच्या अखेरीस गिब्सनने उद्यानातील वनस्पतींची चित्रे एका स्थानिक चित्रकाराकडून करवून घेतली. पावणेदोनशेच्या आसपास असलेली ही चित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिल्यानंतर 'दापुरी चित्रे' या नावाने ती अभ्यासकांना परिचित झाली.

या साऱ्या व्यवहारातील गिब्सनचे नाव, पद, नेमणुकांच्या तारखा आणि ग्रंथ आपल्याला माहीत आहेत. चित्रित वनस्पतींची नावे माहीत आहेत. त्यांपैकी काही परदेशांतून आणून दापोडीच्या मातीत वाढवल्या होत्या, हेही माहीत आहे. ज्याने ती चित्रे काढली त्याचे नाव मात्र माहीत नाही. तो 'पोर्तुगीज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातील होता, एवढीच त्याची ओळख उरली आहे. परंतु हा शब्द तरी काय सांगतो? त्या काळातील मुंबई इलाख्याच्या इंग्रजी व्यवहारात 'पोर्तुगीज' म्हणजे गोव्याचा ख्रिस्ती असू शकतो, तसाच वसई-साष्टीचा मराठी बोलणारा ख्रिस्तीही असू शकतो. या दुसऱ्या समाजाने हे संबोधन टाळण्यासाठीच १८८७ च्या सुमारास 'ईस्ट इंडियन' हे नाव पत्करले. तात्पर्य, जे उरले आहे ते नाव नव्हे, ती केवळ एक वर्गवारी आहे. आणि तीही दुसऱ्याने केलेली.

प्रस्तुत लेखाचा विषय या चित्रकाराचा शोध हा नाही. तो कलेतिहासकारांचा प्रांत आहे. येथे विचारायचा प्रश्न नैतिक स्वरूपाचा आहे आणि तो समीक्षाव्यवहाराशी निगडित आहे. कलावंताने आपले 'स्व'त्व बाजूला ठेवून विषयवस्तूला सर्वस्वी सामोरे जावे, हा कलेतील एक उच्च आदर्श मानला जातो. वनस्पतिचित्र हा या आदर्शाचा जणू शुद्ध नमुना होय. असे असेल तर या चित्रकाराचे निनावी राहणे ही त्याच्या कलेची परिपूर्ती मानायची, की त्याच्यावर झालेला अन्याय मानायचा? आणि दोन्हींच्या खुणा कागदावर सारख्याच दिसत असतील, तर समीक्षेने त्यांच्यात भेद करायचा तो कशाच्या आधारे?

२

प्रथम या चित्रप्रकाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. वनस्पतिचित्र हे फुलाचे चित्र नव्हे. फुलदाणीतील फुले रंगवणारा चित्रकार एका विशिष्ट क्षणीची, विशिष्ट प्रकाशातील, विशिष्ट फुले रंगवतो. वनस्पतिचित्रकाराला एका झाडाच्या द्वारा त्या जातीतील सर्व झाडांविषयी बोलायचे असते. त्याच्यासमोरच्या फांदीवरील पान किडीने खाल्लेले असले तर तो ते भोक काढत नाही, कारण भोक त्या पानाचे आहे, जातीचे नव्हे. उलट पानाची कड दंतुर आहे की अखंड, शिरांची रचना जाळीदार आहे की समांतर, देठ खोडाला कोठे व कसे जोडला आहे, यांत त्याला तसूभरही सूट नसते. कळी, उमललेले फूल, फळ आणि बी एकाच कागदावर मांडण्याची पद्धत आहे. निसर्गात ती एकाच वेळी क्वचितच आढळतात, म्हणजे काही महिन्यांचा काळ चित्रकार एका पृष्ठावर आणतो. कागदाच्या तळाशी फुलाचे विच्छेद करून पुंकेसर, परागकोश, अंडाशय मोठ्या प्रमाणात दाखवलेले असतात. पार्श्वभूमी कोरी असते. माती नाही, क्षितिज नाही, जमिनीवर पडलेली सावली नाही.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे साधारणीकरणाची संकल्पना आठवल्यावाचून राहणार नाही. भट्टनायकाने रसप्रक्रियेच्या संदर्भात जे मांडले, त्याचे एक वेगळे रूप येथे दिसते. विशिष्टाची व्यक्तिसापेक्ष बंधने गळून पडतात आणि तरीही उरते ते अमूर्त सामान्य नसून मूर्त, इंद्रियगोचर असे सामान्य असते. हे सामान्य डोळ्यांना दिसते का, हा वाद जुना आहे. १७९४ मध्ये येना येथे गटेने शिलरला आपल्या आदिवनस्पतीचे रेखाटन करून दाखवले, तेव्हा हा अनुभव नव्हे, ही कल्पना आहे, असा आक्षेप शिलरने घेतला आणि गटे अस्वस्थ झाला. कल्पना आणि अनुभव यांच्यातील ही फट वनस्पतिचित्रकार तत्त्वचर्चेने बुजवत नाही, हाताने बुजवतो.

दुसरा तात्त्विक पेच कांटच्या विवेचनातून पुढे येतो. 'क्रिटीक ऑफ जजमेंट' (१७९०) मध्ये कांटने फुलाला मुक्त सौंदर्याचे उदाहरण मानले. फूल हे वनस्पतीचे प्रजननेंद्रिय आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असते, पण फुलाच्या सौंदर्याविषयी निवाडा करताना तोदेखील या ज्ञानाकडे लक्ष देत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. दापोडीच्या चित्रकाराला अशी विभागणी परवडणारी नव्हती. त्याने अंडाशयाचे कप्पे अचूक दाखवले नाहीत तर चित्र निरुपयोगी ठरणार. आणि पाकळीच्या रंगातील संक्रमण, देठाचा बाक, पानांची कागदावरील मांडणी यांकडे दुर्लक्ष केले तर वनस्पतीचे सजीवत्व हरवून चित्र खोटे ठरणार. यशोधराच्या टीकेत आलेल्या षडंगांची परिभाषा वापरायची तर रूपभेद आणि प्रमाण यांचा दावा शास्त्राचा, लावण्ययोजन आणि वर्णिकाभंग यांचा दावा कलेचा. सादृश्य मात्र दोघांचे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्यसंकल्पनेची जी द्विध्रुवात्मकता मांडली, तिच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी ध्रुवांमधला ताण या कागदांवर एकाच रेषेत नांदताना दिसतो. ज्ञान आणि सौंदर्य यांपैकी एकाची निवड करण्याची मुभाच या कलाप्रकारात नाही.

३

या मुभेच्या अभावातूनच त्यातील नैतिक आशय निर्माण होतो. निसर्गाकडे पाहण्याची आपली वाङ्मयीन सवय बहुतेक वेळा निसर्गाला साधन करते. झाड विरहाचे प्रतीक होते, फूल क्षणभंगुरतेचे. कवी फुलाकडे पाहतो तेव्हा पुष्कळदा त्याला स्वतःचे मन दिसत असते. यात गैर काहीच नाही. कवितेचा तो एक प्राचीन आणि समृद्ध मार्ग आहे. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'सारखे (१९५६) लेखन मराठीत वेगळे वाटते याचे एक कारण असे, की तेथे झाडाला त्याचे स्वतःचे वेळापत्रक आहे. ते लेखिकेच्या भावस्थितीची वाट पाहत नाही. वनस्पतिचित्रकार या दिशेने आणखी एक पाऊल पुढे जातो. तो वनस्पतीला कशाचेही प्रतीक होऊ देत नाही.

आयरिस मर्डॉक या तत्त्वचिंतक-कादंबरीकर्तीने 'द सॉव्हरिंटी ऑफ गुड' (१९७०) मध्ये एक साधे उदाहरण दिले आहे. आपण खिडकीशी उभे आहोत, मन दुखावलेल्या अहंकाराने ग्रासलेले आहे. अशात हवेत तरंगणारा एक ससाणा दिसतो आणि क्षणात सारे बदलते. ससाण्यावाचून दुसरे काही उरत नाही. आणि आपण पुन्हा आपल्या दुःखाकडे वळतो तेव्हा त्याचे महत्त्व कमी झालेले असते. मर्डॉकच्या मते नीतीचा उगम अशा अवधानात आहे. आपल्याबाहेरचे काही खरोखर अस्तित्वात आहे याची जाणीव होणे हेच मुळात अवघड आणि नैतिक कर्म आहे. सिमोन वेलच्या चिंतनातही अवधानाला असेच मध्यवर्ती स्थान आहे.

मर्डॉकच्या उदाहरणात हे अवधान क्षणापुरते आणि अकस्मात येते. वनस्पतिचित्रकाराला ते तासन्‌तास टिकवावे लागते. खुडलेली फांदी मलूल होण्यापूर्वी रंग टिपायचे, दुपारनंतर मिटणारे फूल सकाळी गाठायचे, फळ धरेपर्यंत थांबायचे आणि तोवर अपुरा कागद जपून ठेवायचा, ही या कामाची रीत आहे. तिच्यात चित्रकाराच्या लहरीला वाव नाही. त्याची प्रतिभा प्रकट होते ती तिने स्वतःला किती आवरले यातून. या अर्थाने येथे एक आत्मविलोपन आहे आणि ते कर्त्याने स्वतः साधलेले आहे. ते कोणी त्याच्यावर लादू शकत नाही, कारण सक्तीने माणसाला बसवता येते, पण पाहायला लावता येत नाही. निनावीपणाचे हे पहिले रूप होय. कामाच्या आत, पाहण्याच्या क्रियेत, कर्ता विसर्जित होतो.

४

दुसरे रूप कामाच्या बाहेर आहे. काम संपते, कागद वाळतो, त्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहिले जाते, तो कोणाच्या तरी संग्रहात जातो आणि ज्याने तो रंगवला त्याची नोंद होत नाही. या क्रियेचा कर्ता चित्रकार नाही. येथे जे विलोपन घडते ते नोंद करणाऱ्याने केलेले असते. याला आत्मविलोपनापासून वेगळे काढण्यासाठी आपण नामविलोपन म्हणू.

या दोहोंची गल्लत करण्याचा मोह फार मोठा आहे आणि तिला एक प्रतिष्ठित तात्त्विक आधारही मिळतो. आनंद कुमारस्वामींनी पारंपरिक कलेतील निनावीपणाचे समर्थन केले. स्वतःच्या नावाची आसक्ती नसणे हे त्या संस्कृतींच्या आध्यात्मिक आरोग्याचे लक्षण आहे, अशी त्यांची भूमिका होती. वसाहतवादी टीकाकारांनी भारतीय कारागिराला व्यक्तित्वशून्य ठरवले, त्यास दिलेले हे उत्तर म्हणून तिचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. तथापि दापोडीच्या चित्रकारावर ती लावणे दोन कारणांनी अयोग्य ठरते.

पहिले कारण ऐतिहासिक आहे. या देशात निसर्गचित्रकार नेहमीच निनावी होता, हे खरे नाही. उस्ताद मन्सूरचे नाव आपल्याला ठाऊक आहे. १६२० मध्ये जहांगीर काश्मीरला गेला, तेव्हा मन्सूरने तेथील शंभराहून अधिक फुले चितारली, अशी नोंद बादशहाने स्वतःच्या आत्मवृत्तात केली आणि त्याला 'नादिर-उल्‌-अस्र' हा किताब दिला. ज्ञानव्यवहारातही अशी नोंद शक्य होती. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे निघाला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांची साक्ष त्यांच्या नावांसह, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेली आहे. दापोडीच्या समकालीन अशा रॉबर्ट वाइटच्या 'इकोनेस' या ग्रंथमालेत दोन हजारांहून अधिक चित्रे आहेत आणि रंगय्या व गोविंदू या त्याच्या चित्रकारांची नावे आपल्यापर्यंत पोचली आहेत. म्हणजे नाव नोंदवणे त्या काळी अशक्य नव्हते, प्रथेविरुद्धही नव्हते. ज्याने नोंदवले त्याने नोंदवले, ज्याने नाही त्याने नाही.

दुसरे कारण तात्त्विक आहे आणि अधिक महत्त्वाचे आहे. त्याग करता येतो तो आपल्याजवळ असलेल्या वस्तूचाच. ज्याला कागदाच्या कोपऱ्यात आपले नाव लिहिण्याचा अधिकार होता आणि ज्याने ते लिहिले नाही, त्याच्या बाबतीत नामत्याग या शब्दाला अर्थ आहे. ज्याला तो अधिकार होता की नव्हता हेच ठरवता येत नाही, त्याच्यावर त्यागाचा गुण लादणे म्हणजे त्याची एक गोष्ट काढून घेऊन वर त्यानेच ती दान केली असे म्हणणे होय. चित्रकाराला नावाची पर्वा नसेलही. मिळणाऱ्या वेतनावर तो संतुष्ट असेलही. परंतु हे त्याने सांगायचे होते. त्याच्या वतीने आपण ते सांगू लागतो, तेव्हा आपण नोंद न करणाऱ्याचा बचाव करत असतो.

मराठी वाचकाला तर हा भेद परका वाटू नये. आपल्या वाङ्मयपरंपरेत अहंकाराच्या विसर्जनाचा सर्वोच्च आविष्कार अभंगात झाला आणि अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा असते. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम या सर्वांनी 'मी'पणाचा निरास सांगितला आणि तो सांगताना आपले नाव उच्चारले. ही विसंगती नव्हे. नाममुद्रा हे येथे मालकीचे चिन्ह नसून साक्षीचे चिन्ह आहे. जे सांगितले त्याची जबाबदारी कोणाची, हे ती सांगते. जनाबाईच्या मुद्रेत तर आपले दास्यही नोंदलेले असते, पण ती मुद्रा तिची असते. आत्मविलोपनासाठी नाव पुसावे लागत नाही, याचा यापेक्षा सबळ पुरावा शोधायची गरज नाही.

५

वनस्पतिशास्त्राच्या संदर्भात नावाचा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण हे शास्त्र मुळातच नामकरणाचे शास्त्र आहे. मिशेल फूकोने १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात 'लेखक' हे एक कार्य आहे, विशिष्ट प्रकारच्या वचनांनाच ते लागू केले जाते, असे दाखवले. सतराव्या-अठराव्या शतकांपासून वैज्ञानिक वचनांना लेखकाच्या नावाची गरज उरली नाही आणि वाङ्मयीन वचनांना मात्र ती भासू लागली, असे एक निरीक्षण त्याने नोंदवले. वनस्पतिशास्त्र या निरीक्षणाला एक लक्षणीय अपवाद आहे. तेथे जातीच्या लॅटिन नावापुढे ते नाव देणाऱ्याचे नाव आजही लिहिले जाते. वर्णनकर्त्याचे कर्तृत्व अशा रीतीने वनस्पतीलाच चिकटून राहते. चित्रकाराच्या कर्तृत्वासाठी अशी जागा या पद्धतीत नाही. विशेष म्हणजे जुन्या काळातील कित्येक नावांचा अर्थ निश्चित करताना शास्त्रज्ञांना वाळवलेल्या नमुन्याऐवजी चित्राचाच अंतिम आधार घ्यावा लागतो. लिनियसने दिलेल्या अनेक नावांना 'हॉर्टस मलबारिकस'मधील चित्रे असा आधार आहेत. म्हणजे चित्र हे साक्षीदार ठरते, पण साक्ष देणारा हात नोंदीत येत नाही.

दोन उदाहरणे पाहू. वाइटने १८५३ मध्ये एका ऑर्किडला आपल्या चित्रकाराच्या गौरवार्थ 'गोविंदूइया' असे प्रजातिनाम दिले. त्या वनस्पती आधी नाव मिळालेल्या 'ट्रोपिडिया' या प्रजातीतील आहेत असे ठरल्यावर अग्रक्रमाच्या नियमानुसार ते नाव मागे पडले. सह्याद्रीच्या कड्यांवर आढळणाऱ्या, जुन्नर परिसरात परिचित असलेल्या शिंदळ माकुडीला डॅल्झेलने १८६०च्या दशकात 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिले, ते मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या गौरवार्थ. पुढे तिचाही समावेश 'बूसेरोसिया' या आधीच्या प्रजातीत करण्यात आला. मात्र येथे नव्या जातिनामात 'फ्रेरी' हा शब्द राखला गेला. दोन्ही ठिकाणी नियम तेच आहेत आणि कोणी हेतुपुरस्सर काही केले असे म्हणायचे नाही. तरी चित्रकाराचे नाव लयाला जाते आणि गव्हर्नरचे कोणी ना कोणी जपून ठेवते, ही गोष्ट व्यवस्थेच्या कलाविषयी काही सांगते. याच फ्रिअरच्या कारकिर्दीत गव्हर्नरच्या पावसाळी निवासासाठी दापोडीऐवजी गणेशखिंडीत नवा प्रासाद बांधायला घेतला गेला. आज ती पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. आपल्या अध्ययन-अध्यापनाचा या इतिहासाशी असलेला संबंध केवळ तात्त्विक नाही.

या पार्श्वभूमीवर रोलाँ बार्थच्या 'लेखकाचा मृत्यू' या सिद्धान्ताकडे पुन्हा पाहावेसे वाटते. १९६७-६८ मध्ये मांडलेला हा सिद्धान्त आपल्याकडील समीक्षेत बराच चर्चिला गेला. अर्थाचा अंतिम स्वामी म्हणून लेखकाला मिळालेले स्थान बार्थने नाकारले, आणि ते योग्यच होते. पण ज्याला ते स्थान कधी मिळालेच नव्हते, त्याच्या मृत्यूची घोषणा कशी करायची? बार्थसमोर होता तो चरित्रग्रंथांनी, मुलाखतींनी आणि पाठ्यपुस्तकांनी मोठा केलेला लेखक. दापोडीचा चित्रकार किंवा जात्यावर ओवी गाणारी स्त्री यांच्या बाबतीत 'कर्ता अप्रस्तुत आहे' हे विधान क्रांतिकारक राहत नाही. ते जुन्या नोंदवहीतील कोऱ्या रकान्याला दिलेली मान्यता ठरते. एकच सिद्धान्त एका ठिकाणी सत्तेला आव्हान देतो आणि दुसऱ्या ठिकाणी सत्तेची सोय करतो, याचे भान सिद्धान्तन करणाऱ्याने ठेवायला हवे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, हे तर लेखककेंद्री समीक्षेचे पुनरुज्जीवन झाले. तसे नाही. कर्ता म्हणजे अर्थाचा मालक असे मानले तरच हा आक्षेप टिकतो. वनस्पतिचित्राने आपल्याला कर्त्याची दुसरी कल्पना दिली आहे: जेथे निवड आहे तेथे कर्ता आहे. वनस्पतिचित्रकार फांदीवरचे एखादे पान मुद्दाम उलटे वळवून दाखवतो, कारण पानाची पाठ वेगळ्या रंगाची किंवा लवदार असते आणि ते ओळखीसाठी आवश्यक असते. कोणते पान वळवायचे, किती वळवायचे, त्यामुळे मांडणीचा तोल कसा सांभाळायचा, हे कोणतेही शास्त्र त्याला सांगत नाही. हा निर्णय त्याचा. त्याच्या चरित्रातील एक अक्षरही माहीत नसताना हा निर्णय आपल्याला वाचता येतो. म्हणून कर्ता नाकारायची गरज नाही आणि त्याचे चरित्र रचायचीही गरज नाही.

६

मग समीक्षकाचे कर्तव्य काय? माझ्या मते ते तीन गोष्टींत सांगता येईल. पहिली, नामविलोपनाला आत्मविलोपनाचे सौंदर्य बहाल न करणे. दुसरी, सहानुभूतीच्या भरात रिकामी जागा कल्पनेने न भरणे. या चित्रकाराला एखादे गाव, एखादे दुःख, निसर्गाची एखादी ओढ देऊन टाकणे कादंबरीकाराला शोभेल; समीक्षकाने तसे केले तर तो दुसऱ्यांदा त्या माणसाला पुसतो, कारण खऱ्या अभावाच्या जागी आपल्या सोयीची उपस्थिती बसवतो. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे: त्याने वनस्पतीकडे ज्या अवधानाने पाहिले, त्या अवधानाने त्याच्या कामाकडे पाहणे. मर्डॉकचे सूत्र येथे उलट दिशेनेही लागू पडते. आपल्या सिद्धान्तांनी ग्रासलेल्या मनाने या चित्रांकडे पाहिले तर आपल्याला वसाहतवाद दिसेल किंवा सौंदर्य दिसेल. त्या माणसाने केलेल्या निवडी दिसायला वेळ द्यावा लागतो.

हे अशक्य नाही, याचा दाखला आपल्याच जवळ आहे. जात्यावरच्या ओव्या दीर्घकाळ 'लोकां'च्या, म्हणजे कोणाच्याच नाहीत, अशा रीतीने संकलित होत राहिल्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने १९८०च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवण्यात आल्या. त्या संकलनात ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव नोंदवण्याची दक्षता घेतली गेली. ओवी परंपरेची आहे हे त्यामुळे खोटे ठरले नाही. ती ओवी त्या दिवशी, त्या क्रमाने, त्या स्त्रीने निवडली, एवढे मात्र कळू लागले. परंपरा आणि कर्तृत्व यांत विरोध नाही, हे त्या नोंदींनी कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवून दिले.

दापोडीच्या चित्रकाराच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे. पुढेमागे एखाद्या दप्तरात त्याचे नाव सापडेल किंवा सापडणारही नाही. तोवर एक लहानशी दुरुस्ती आपल्या हाती आहे आणि ती भाषेची असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकांनी ती करावी. आपण सूचीत आणि पाठ्यपुस्तकांत 'अज्ञात चित्रकार', 'अज्ञात कवी' असे लिहितो. 'अज्ञात' हे विशेषण आहे. ते व्यक्तीला चिकटते आणि जणू अज्ञात असणे हा तिचाच गुणधर्म आहे असे सुचवते. परंतु तो माणूस गिब्सनला अज्ञात नव्हता. रोज सकाळी त्याला फांदी आणून देणाऱ्या माळ्याला अज्ञात नव्हता, घरच्यांना तर नव्हताच. त्याच्या जागी 'चित्रकाराचे नाव नोंदवलेले नाही' असे लिहिले तर वाक्यात क्रियापद येते. आणि क्रियापद आले की प्रयोग कर्मणी असला तरी वाचणारा विचारतो, कोणी नोंदवले नाही? पदव्युत्तर वर्गात 'अज्ञात' हा शब्द फळ्यावर लिहिताना हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर निनावीपणाच्या दोन रूपांमधील भेद शिकवायला वेगळ्या व्याख्यानाची गरज पडणार नाही.